गुडघा, घोटा, खांदा: दुखऱ्या सांध्यासाठी हलका व्यायाम कसा सुरू करावा

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी भौतिकोपचाराचे, म्हणजे सगळे ज्याला फिजिओथेरपी म्हणतात त्याचे, काम करते. सोयाबीनची काढणी संपली की आणि पुढे कापसाची वेचणी उरकली की माझ्याकडे गर्दी होते, कारण काम चालू असेपर्यंत दुखणे अंगावर काढायचे आणि चार दिवस मोकळे मिळाले की दवाखाना गाठायचा, ही आपल्याकडची रीतच आहे. येणाऱ्यांपैकी अनेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गुडघ्यातलं वंगण सरलंय म्हणतात, आता चालणं बंद करू का?" त्याचे उत्तर नाही असे आहे. मात्र चालायचे किती, व्यायाम कोणता करायचा आणि थांबायचे कुठे हे कळले नाही तर त्या उत्तराचा उपयोग होत नाही. ज्यांनी आजवर कधीच ठरवून व्यायाम केलेला नाही, अशा वाचकांसाठी ते मी येथे क्रमाने सांगते.

सांधा हलवायचा का, हे आधी समजून घ्यावे, कारण कारण पटले तरच माणूस रोज सतरंजी अंथरतो. सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. मोठ्या माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिला पोषण मिळते ते सांध्यातील चिकट द्रवातून, आणि तेही सांध्यावर दाब पडला व सुटला की, ओला स्पंज दाबून सोडल्यावर पाणी जसे बाहेर जाते आणि आत येते तसे. महिनोन्महिने न हललेला सांधा अशा रीतीने उपाशी राहतो. दुसरी गोष्ट स्नायूंची. गुडघ्याला सूज आली की मज्जासंस्थाच मांडीच्या पुढच्या स्नायूला आवर घालते; तो काम करत नाही, काही आठवड्यांत बारीक होतो, आणि मग चालताना बसणारा हिसका झेलायला सांध्याशिवाय कोणी उरत नाही. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून वीतभर वर खूण करून दोन्ही मांड्यांना शिंप्याची टेप गुंडाळून पाहावी. एकच गुडघा बरेच दिवस दुखत असेल तर त्या बाजूची मांडी बारीक भरण्याची शक्यता मोठी असते, आणि हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला व्यायाम का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

एक्स-रे पाहून "गॅप कमी झालाय" असे कोणी सांगितले म्हणून खचून जाऊ नये. एक्स-रेमध्ये दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष दुखणे यांचा मेळ अनेकदा बसत नाही. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०२२ मध्ये सांधे झिजण्याच्या आजारासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत उपचारात्मक व्यायाम सर्व रुग्णांना सुचवावा असे म्हटले आहे, आणि सुरुवातीला दुखणे थोडे वाढू शकते हे रुग्णाला आधीच सांगावे असेही त्यात आहे.

सुरुवात करण्यापूर्वी

काही दुखणी घरच्या व्यायामाची नसतात. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असून अंगात ताप असेल तर तो सांध्यातील जंतुसंसर्ग असू शकतो व त्यात एका दिवसाचा उशीरही महागात पडतो. पडल्यानंतर हाड वेडेवाकडे दिसत असेल, पायावर भार अजिबात देता येत नसेल, गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, हाता-पायांची बोटे सकाळी उठल्यावर अर्ध्या-एक तासापेक्षा जास्त वेळ आखडलेली राहत असतील, किंवा कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा येत असेल, तर आधी डॉक्टर. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, तसेच नांदेड व लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये येथे अस्थिरोग विभाग आहेत. तेथे जाण्यासाठी गुडघा पूर्ण बसण्याची वाट पाहू नये. चिकुनगुनियानंतर सांधे कित्येक आठवडे, कधी काही महिनेही दुखत राहतात. अशांनी ताप पूर्ण गेल्यावर पुढचे व्यायाम निम्म्या प्रमाणात सुरू करावेत.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

व्यायाम करताना थोडे दुखणारच. दुखणे शून्य ते दहा या मापात मोजावे: शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहनच होणार नाही असे. व्यायामाच्या वेळी तीन-चारपर्यंतचे दुखणे चालते. खरा निकाल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठून पहिली दहा पावले टाकताना सांधा नेहमीसारखाच वाटला तर कालचे प्रमाण योग्य होते, ते तसेच ठेवावे आणि चार-पाच दिवसांनी थोडे वाढवावे. सूज वाढली असेल किंवा दुखणे कालच्यापेक्षा जास्त असेल तर व्यायाम बंद न करता संख्या निम्मी करावी. माझ्याकडे आलेल्या एका मावशींनी पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात पन्नास उठाबशा काढल्या, तिसऱ्या दिवशी लंगडत आल्या आणि "व्यायामानंच माझा गुडघा गेला" म्हणून रागावल्या. त्यांचा राग रास्त होता. किती करायचे हे मी त्यांना नीट बजावून सांगायला हवे होते. आम्ही पाचपासून पुन्हा सुरुवात केली. दीड-दोन महिन्यांनी त्या एसटीच्या पहिल्या उंच पायरीवर दांड्याला न लोंबकळता चढू लागल्या. स्नायूंत ताकद येण्यास साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सोडून देणाऱ्यांचे नुकसान होते.

यासाठी एक जुनी वही ठेवावी. तारीख, किती वेळा केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती दुखले, एवढे तीन रकाने पुरतात. लिहिता येत नसेल तर घरातील शाळकरी मुलांकडून लिहून घ्यावे. मुले हे काम फार मनापासून करतात आणि आजीला व्यायाम चुकवू देत नाहीत.

गुडघ्याचे व्यायाम

पहिला व्यायाम मांडी आवळण्याचा. सतरंजीवर भिंतीला पाठ टेकून पाय लांब करून बसावे. खाली बसून उठता येत नसेल तर दिवाणावर किंवा लाकडी पलंगावर बसावे. बाजेला झोळ असतो, म्हणून बाज नको. दुखऱ्या गुडघ्याखाली टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी ठेवावी आणि गुडघ्याने ती खाली दाबावी. या वेळी मांडीवर हात ठेवला तर स्नायू दगडासारखा घट्ट होताना आणि वाटी किंचित मांडीकडे सरकताना जाणवते. ते जाणवले नाही तर व्यायाम होत नाही असे समजून पंजा आपल्याकडे ओढून पुन्हा दाबावे. मोठ्याने पाचपर्यंत मोजावे आणि सोडावे. मोठ्याने मोजण्याचे कारण असे की बोलणाऱ्या माणसाला श्वास रोखता येत नाही, आणि ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी जोर लावताना श्वास रोखणे चांगले नाही. असे दहा वेळा, दिवसातून दोन किंवा तीनदा करावे. ज्यांचा गुडघा फारच धरला आहे त्यांनी पहिला आठवडा एवढेच केले तरी चालेल.

ते जमले की पाय सरळ उचलावा. पाठीवर निजून चांगला पाय गुडघ्यात दुमडावा, दुखरा पाय ताठ ठेवून तो फूटभर उचलावा, पाच अंक मोजून हळूहळू खाली आणावा. धपकन टाकलेल्या पायाला व्यायाम निम्माच होतो, कारण खाली आणतानाही स्नायू काम करत असतो. उचलताना गुडघा वाकत असेल तर मांडीत अजून जोर आलेला नाही. आणखी काही दिवस पहिल्याच व्यायामावर राहावे. याच वेळी टाच सरकवण्याचा व्यायामही करावा: फरशीवर टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवली की टाच सहज सरकते; ती कुल्ल्याकडे जितकी आरामात येईल तितकी आणावी आणि परत न्यावी. गुडघ्याचे वाकणे टिकवण्यासाठी हा साधा प्रकार फार उपयोगी आहे.

यानंतरचा खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपले रोजचे आयुष्यच उठण्या-बसण्याचे आहे. प्लास्टिकची खुर्ची मागे सरकते म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवावी. बसणे खोल वाटत असेल तर घडी केलेली गोधडी बैठकीवर घालून उंची वाढवावी आणि जसजशी ताकद येईल तसतशी घड्या कमी कराव्यात. पाय खांद्याएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, छाती थोडी पुढे, आणि हातांनी खुर्ची न रेटता उठावे. गुडघे एकमेकांकडे आत वळू देऊ नयेत. ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहावेत. बसताना तीन अंक मोजत बसावे. पाच वेळा जमले की आठ, मग दहा.

उरलेले दोन व्यायाम थोडक्यात सांगते. स्वयंपाकघरातील ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर उभे राहावे व सावकाश उतरावे, दहा वेळा. पाठीवर निजून दोन्ही गुडघे दुमडून कंबर वर उचलावी, पाच अंक धरावी. यात कुल्ल्याचे स्नायू भरतात, आणि चालताना गुडघा आत ढळू न देण्याचे काम तेच करतात.

चालणे सपाट जागेवर दहा मिनिटांपासून सुरू करावे आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावी. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी नऊनंतर बाहेर पडणे शहाणपणाचे नाही, म्हणून पहाट गाठावी. हिवाळ्यात उलट करावे: गरम पाण्याने अंघोळ करून, सांधे सैल झाल्यावर व्यायाम करावा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला धरतो, पाऊल अडकते आणि गुडघा पिरगळतो, म्हणून तेव्हा शाळेचा व्हरांडा किंवा देवळाचा सभामंडप बरा. काठी घ्यायची असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात घ्यावी. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिचा निम्मा उपयोग वाया जातो. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

वजनाबद्दल एकच आकडा सांगते. गुडघे झिजलेल्या, वजन जास्त असलेल्या वृद्धांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. दिवसाला हजारो पावले टाकणाऱ्या माणसाने हा हिशेब स्वतःच करावा.

मुरगळलेला पाय

बांधावरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला तर प्रथम चार पावले टाकून पाहावीत. लंगडत का होईना, चार पावले पडत नसतील किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर बोटाने दाबल्यावर कळ येत असेल तर एक्स-रे काढावा. हाड शाबूत असेल तर पहिले दोन-तीन दिवस पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवावा, क्रेप बँडेज बांधावे आणि बर्फ ओल्या फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा. फ्रीज नसेल तर माठाच्या गार पाण्यात भिजवलेले फडके चालते. बोटे निळसर पडली किंवा मुंग्या आल्या तर बँडेज सैल करावे. या दिवसांत विटेचा शेक, रुईच्या पानांचा शेक आणि चोळणे हे तिन्ही टाळावे, कारण ताज्या दुखापतीत त्याने सूज आणि रक्तस्राव वाढतो. कोपराच्या बाबतीत तर मी हात जोडून सांगते: कोपराला मार लागल्यावर, विशेषतः लहान मुलाच्या, तो जोराने चोळून किंवा ओढून "मोकळा" करून घेऊ नये. तसे केल्याने स्नायूंत नको तेथे हाड तयार होते आणि कोपर कायमचा आखडू शकतो. असे कोपर मी पाहिले आहेत, आणि ते परत सैल करणे फार अवघड असते.

तिसऱ्या दिवसापासून घोटा हलवू लागावे. अंगठा म्हणजे लेखणी समजून हवेत अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरे काढावीत. सगळ्या दिशांची हालचाल त्यात आपोआप होते. आठवडाभराने चवड्याभोवती ओढणी अडकवून दोन्ही टोके हातांत धरावीत आणि तिच्या विरुद्ध पाय ढकलावा. लंगडणे थांबले की भिंतीजवळ उभे राहून दुखऱ्या पायावर एकट्याने तीस सेकंद तोल सांभाळावा. हा शेवटचा व्यायाम बहुतेक जण गाळतात. मुरगळल्यावर घोट्याच्या बंधांतील, पाऊल कसे पडले आहे हे मेंदूला कळवणारी जाणीवही मंदावते, ती तोल सांभाळण्याच्या सरावानेच परत येते, आणि ती आली नाही तर तोच पाय वर्षात पुन्हा मुरगळतो.

प्लास्टर आणि आखडलेला खांदा

मनगटाचे हाड मोडले की साधारण पाच-सहा आठवडे प्लास्टर असते. या काळात गळ्यात झोळी अडकवून हात निपचित ठेवला तर मनगट जुळते आणि खांदा आखडतो. म्हणून प्लास्टरबाहेर असलेली बोटे दर तासाला उघडमीट करावीत, आणि डॉक्टरांना विचारून कोपर व खांदा दिवसातून तीनदा पूर्ण फिरवावा. प्लास्टर निघाल्यावर कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून मनगट वर-खाली करावे, नंतर ओला स्पंज पिळावा. ताकदीचा पुढचा क्रम आमच्या भागातील बायका स्वयंपाकातच पूर्ण करतात: आधी गव्हाची कणीक, मग ज्वारीचे पीठ मळणे, आणि सर्वांत शेवटी भाकरी थापणे, कारण थापताना मनगट मागे वाकून त्यावर सारखा दणका बसतो. भाकरी थापण्याची घाई करू नये. घरातील माणसांनीही ती करायला लावू नये.

मार न लागताही खांदा हळूहळू धरत असेल, पाठीमागे हात जात नसेल, केस विंचरता येत नसतील, तर साखर तपासून घ्यावी, कारण मधुमेहात असा खांदा आखडणे नेहमीचे आहे. चांगल्या हाताने टेबलाला धरून पुढे वाकावे आणि दुखरा हात विहिरीतल्या पोहऱ्यासारखा सैल सोडून लहान गोल झुलवावा. मग भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढत जावी व जेथे हात थांबेल तेथे खडूने रेघ मारावी. रेघ आठवड्याने बोटभर वर गेली तरी पुष्कळ. हे दुखणे वर्षभर किंवा जास्तही टिकते, हे रुग्णाला आधीच ठाऊक असले तर त्याचा धीर सुटत नाही.

शेतात परतताना

खुरपणीत तासन् तास उकिडवे बसणे गुडघ्याला सर्वांत जड जाते. शक्य असेल तेथे सायकल कोळपे वापरावे, नाही तर अर्ध्या तासाने उठून शंभर पावले चालून पुन्हा बसावे. भाकरी करताना गॅस ओट्यावर घ्यावा आणि शौचासाठी मध्ये भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची ठेवावी. यात कमीपणा नाही. पोते उचलायचे असेल तर ते दोघांनी उचलावे.

वेदनाशामक गोळ्या दुकानातून पुडीने आणून महिनोन्महिने खाल्ल्याने पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडांवर परिणाम होतो. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर धोका अधिक. डॉक्टरांनी दिलेली गोळी ठरलेल्या दिवसांपुरतीच घ्यावी.

आषाढीला पैठणच्या नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाता येईल का, असे दरवर्षी कोणीतरी विचारते. ज्यांना खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठता येते आणि सलग तासभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजत नाही, त्यांनी तयारी धरावी. मात्र ती निघण्याच्या तीन महिने आधी सुरू करावी, हळूहळू अंतर वाढवावे आणि शेवटच्या महिन्यात लागोपाठ दोन-तीन दिवस चालून पाहावे, कारण वारीत रोज चालावे लागते. पायात नवी चप्पल नसावी. वाटेत गुडघा सुजला तर एक मुक्काम वाहनाने जावे आणि सूज उतरली की पुन्हा दिंडीत उतरावे.

सुगीच्या दिवसांत किंवा लग्नसराईत व्यायाम आठ-पंधरा दिवस सुटतोच. तेव्हा जेथे थांबलो होतो तेथून सुरू करू नये. वही उघडून शेवटच्या आकड्याच्या निम्म्यावर यावे आणि पहिले तीन दिवस सकाळचा रकाना नीट पाहून मग वाढवावे.